हेल्मेटमध्ये कोंबडी बसलीय

कराडच्या नाक्यावर हवालदारांनी मला हात केला, तेव्हा माझी बाजू शंभर टक्के खरी होती. फक्त ती सांगण्यासारखी नव्हती.

"काका, हेल्मेट कुठंय?"

"घरी आहे."

"घरी काय करतंय?"

"त्यात कोंबडी बसलीय."

हवालदारांनी चलनाच्या मशिनवरून मान वर केली. "मग उठवायची."

"उठत नाही. आज नववा दिवस."

ते स्कूटरच्या जवळ आले, माझ्या तोंडापाशी नाक आणून एक श्वास घेतला, निराश झाले आणि मुकाट्यानं दंड लावला. मी मागं वळून पाहिलं, तर ते शेजारच्या हवालदारांना काहीतरी सांगत होते आणि दोघंही माझ्याकडं बघत होते. त्या नाक्यावर आता मला न अडवता सोडतात. वेड्यांना कुणी अडवत नाही.

हे सगळं बसण्यावरून झालं. बँकेत मी चौतीस वर्षं एका खुर्चीत बसलो. निवृत्तीनंतर गावी आलो ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलो. बसणं या विषयात मला कुणी काही शिकवू शकेल असं वाटत नव्हतं. पण बसून बसून अंगाला मुंग्या आल्या, म्हणून परसात कोंबड्या पाळायचं ठरवलं. आणि ठरवलं ते बँकेतल्या माणसासारखं, म्हणजे आधी कागदावर. पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, हे मी वाचलेलं होतं. सहा कोंबड्या गुणिले 300, म्हणजे 1800 अंडी. घरात माणसं दोन. उरलेली अंडी विकायची, त्यातून खाद्य सुटेल, खुराडं सुटेल, तिसऱ्या वर्षी बहुतेक मीच सुटेन.

मग आठवडे बाजारात गेलो आणि दिसायला देखण्या म्हणून सहा गावठी कोंबड्या घेऊन आलो. कागद लेगहॉर्नचा आणि कोंबड्या गावठी. कर्ज एकाच्या नावावर आणि तारण दुसऱ्याचं, अशी प्रकरणं मी आयुष्यभर परत पाठवली होती. हे मात्र स्वतःच मंजूर केलं.

लेगहॉर्न जातीची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसानं तिच्यातलं अंड्यांवर बसण्याचं वेडच काढून टाकलंय. ती अंडं घालते आणि पुढच्या कामाला लागते. गावठी कोंबडीचं तसं नाही. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि तीही हप्त्यानं. दहा-पंधरा अंडी झाली की तिच्या मनात येतं, आता पुरे, आता बसावं. आमच्याकडं हे प्रथम कवडीच्या मनात आलं. कवडी म्हणजे अंगावर ठिपके असलेली, सहाजणींत सगळ्यात गरीब, माझ्या हातातून कणी खाणारी. तिला खुराड्यातल्या पेटीपेक्षा ओसरीच्या कोपऱ्यात उलटं पडलेलं माझं हेल्मेट आवडलं. आत स्पंज, वर सावली, तिथं अंधार. मलाही कौतुक वाटलं. मुलगा पुण्याहून यायचा होता, त्याला दाखवायला म्हणून पाच अंडी मी तशीच त्यात राहू दिली. मुदत ठेवीसारखी ती रोज वाढताना बघायला बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी कवडी हेल्मेटात बसली ती उठेचना. संध्याकाळ झाली, बाकीच्या पाचजणी खुराड्यात गेल्या, ही तिथंच. अंग पसरून चपाती झालेली, डोळे कुठंतरी लांब लागलेले. मी हात पुढं केला, तर सगळी पिसं फुलवून दुप्पट आकाराची झाली आणि माझ्या अंगठ्याला असा चिमटा काढला, की गरीब गाय म्हणून ज्याला कर्ज दिलं तोच वसुलीला गेल्यावर दगड घेऊन धावतो, त्याची आठवण झाली.

मी घाबरून शेजारच्या आक्काला हाक मारली. आक्का सत्तरीच्या पुढची, तिच्या हाताखालून किती पिल्लं गेली असतील याचा हिशेब नाही. तिनं लांबूनच बघितलं.

"कोंबडी आजारी पडलीय का हो आक्का?"

"आजारी कशानं? खुडूक बसलीया ती."

खुडूक. हा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता, पण माणसांच्या बाबतीत. नीट कान दिला तर कवडीच्या घशातून बारीक 'खुडुक खुडुक' आवाज खरंच येत होता.

"म्हणजे आता पिल्लं कधी येतील?" मी उत्साहानं विचारलं.

आक्कानं माझ्या परसाकडं एक नजर टाकली. "कोंबडा कुठाय?"

कोंबडा मी घेतलाच नव्हता. पहाटे चारला उठवणारं कुणीही घरात नको, ही निवृत्तीनंतरची माझी एकमेव अट होती.

"कोंबडा नाही, मग पिल्लं काय हेल्मेटातनं निघायची व्हय?" असं म्हणून आक्का गेली. तिनं तो प्रश्न पुढं गावभर विचारला.

रात्री मुलाशी व्हिडिओ कॉल झाला. त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीचं नाव असतं. "बाबा, ते प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक आहे. दिवस मोठे झाले, हवा तापली, अंधारी जागा मिळाली आणि समोर अंडी साठलेली दिसली, की ते वाढतं. अंडी रोजच्या रोज उचलायची असतात."

"तुला दाखवायलाच ठेवली होती."

"मला अंडं ऑम्लेटमध्ये दाखवलंत तरी चालतं."

म्हणजे चूक माझीच. मी ती दुरुस्त करायला घेतली. आधी अंडी काढून घेतली. कवडी रिकाम्या हेल्मेटात बसली. तिला उचलून खुराड्यात ठेवली, तर मी ओसरीवर पोचायच्या आत ती हेल्मेटात. हेल्मेट उचलून माळ्यावर टाकलं, तर ती त्याच कोपऱ्यात, जिथं हेल्मेट होतं त्या फरशीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिथं कुठूनसा एक बटाटा घरंगळत गेला होता. ती त्यावर बसली. तिसऱ्या दिवशी माझा चष्मा सापडेना. चष्मा नसताना चष्मा शोधणं हे वेगळं काम असतं. दुपारपर्यंत सगळं घर चाचपून झाल्यावर बायकोनं कवडीला जरा कलतं केलं, तर पोटाखालून चष्म्याचं घर निघालं. चांगलं ऊबदार झालं होतं. मला दया आली आणि हेल्मेट खाली आणून दिलं. हवालदार भेटले ते त्याच आठवड्यात.

या काळात माझ्याकडं सल्ले इतके आले, की माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीही आले नव्हते. दूधवाल्यानं सांगितलं, गार पाण्यात बुडवा. वाण्यानं सांगितलं, अंधाऱ्या खोलीत कोंडा. वाण्याच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, अंधारात तर अजिबात नको. आक्कानं सांगितलं, तिचंच एक पीस काढ आणि नाकपुड्यांतनं आरपार ओव; नाकात वळवळलं की बसायचं भान राहत नाही. ही जुनी रीत आहे. मी स्वतः नाकात थोडंसं पीस घालून बघितलं आणि तो उपाय बाद केला.

गार पाण्याचा केला. बादलीत पाणी भरून कवडीला पोटापर्यंत बुडवलं. ती गप्प राहिली, जणू मी काय करतोय ते विसरलोय आणि तिनं ते समजून घेतलंय. बाहेर काढल्यावर तिनं अंग झटकलं, मला नखशिखान्त भिजवलं आणि ओल्या पोटानं परत हेल्मेटात जाऊन बसली. मला सर्दी झाली. तिला काही झालं नाही.

शेवटी तिला डालग्याखाली घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला उलटी करून पोट बघितलं. छातीखालची पिसं गळून कातडं उघडं पडलं होतं आणि हात लावला तर तवाच.

"ताप आहे ना?" मी म्हटलं.

"कोंबडीचं अंग मुळातच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. अंड्यांना ऊब थेट लागावी म्हणून बसताना पोटावरची पिसं जातात." त्यांनी हात धुतले. "तुम्हाला अंडी पाहिजेत आणि तिला पिल्लं. हे घरगुती भांडण आहे काका. यात दवाखाना नको पडायला."

तरीही जाता जाता त्यांनी खरा उपाय सांगितला. पोटाखालून गार हवा खेळली पाहिजे. खाली जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उचलून उजेडात ठेवायचा, आत गवत नाही, भुसा नाही, काही नाही. खायला-प्यायला मात्र भरपूर द्यायचं. तीन-चार दिवसांत वेड उतरतं. आमच्या जुन्या कूलरचा जाळीचा सांगाडा अडगळीत होता. तो चार विटांवर मांडला आणि कवडीला आत ठेवली. बसायला बूड टेकेल अशी जागा नाही, खालून वारा. पहिले दोन दिवस ती जाळीवरच पसरून बसली. तिसऱ्या दिवशी उभी राहिली. चौथ्या दिवशी चक्क दारापाशी येऊन कणी मागू लागली. दार उघडलं, तर बाहेर येऊन राखेत लोळली आणि जणू मधले पंधरा दिवस झालेच नाहीत अशी बाकीच्यांत मिसळली.

मी विजयी मुद्रेनं ओसरीवर आलो. हेल्मेटात बोडक्या मानेची बसली होती.

हा रोग पाहून पाहून लागतो, असं आक्का म्हणते. बोडकीला कूलरमध्ये घातली तोवर काळी बसली. पिंजरा एक आणि उमेदवार अनेक, म्हणून मी चक्क पाळीचा तक्ता केला. हिनं तो भिंतीवर लावलेला बघितला.

"अहो, हे काय?"

"खुडूक कोंबड्यांचं वेळापत्रक."

ही काही बोलली नाही. तक्त्याच्या शेवटी एक ओळ कमी होती, ती तिनं पेन्सिलीनं वाढवली: 'झोपाळा – सकाळी 8 ते रात्री 10.'

मराठीत बसण्याचे प्रकार अनेक आहेत. घसा बसतो, धंदा बसतो, भाव बसतो, विश्वास बसतो. त्या उन्हाळ्यात माझं हे सगळं बसलं, एक विश्वास सोडून. सहा कोंबड्यांचं खाद्य आणि चलनाचा दंड धरून एका अंड्याची किंमत काढली, तेव्हा आकडा इतका आला की ते अंडं खाण्यापेक्षा लॉकरमध्ये ठेवावं असं वाटलं.

मेच्या शेवटी कवडी परत बसली. या वेळी मी हरलो. लढाईत हरलेला माणूस सामील होतो, तसं मी आक्काला म्हटलं, "जाऊ दे, बसवू या तिला." आक्काच्या घरी कोंबडा होता. तिनं चाळून अकरा अंडी दिली. बारावं मागितलं तर म्हणाली, "तिच्या पोटाखाली मावायला नकोत? का तू बसतोस?" वेताच्या पाटीत राख पसरली, वर भुसा, वर उवा-गोचीड होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला. तिन्हीसांजेला अंडी मांडली, कवडीला वर ठेवली. तिनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं, अंग सैल सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. चौतीस वर्षांत बँकेचं काम इतक्या उशिरा करूनही मला असं कुणी माफ केलं नव्हतं.

आपली अंडी ओळखू यावीत म्हणून मी प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली आणि सवयीनं सही केली. तीन दिवसांनी मोजली तर तेरा. दोनांवर सही नाही. कवडी चारा खायला उठली की काळी चोरपावलांनी येऊन तिथं अंडं घालून जायची. बँकेत तेरा निघाले असते तर चौकशी बसली असती. इथं मी ती दोन उचलून ऑम्लेट केलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनचं ते आमचं पहिलं ऑम्लेट.

कवडी चोवीस तासांत एकदाच उठायची. पंधरा-वीस मिनिटांत पाणी, कणी, धुळीत एक लोळण आणि चोवीस तासांचं एकवट साठवलेलं विष्ठादान, ज्याच्या वासानं पहिल्या दिवशी दूधवाला दूध न घालताच परत गेला. मग पळत जागेवर. जेवणाची सुट्टी मी कधी पंधरा मिनिटांत संपवली असती, तर आज झोनल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो असतो.

सातव्या रात्री अंडी तपासायची असतात. अंधारात अंड्यामागं उजेड धरला, की आत रक्तवाहिन्यांचं लाल जाळं आणि मध्ये ठिपका दिसतो. फुकट अंडं स्वच्छ पिवळं दिसतं. आम्ही घरातले दिवे मालवले. ही मोबाइलचा टॉर्च धरून, मी अंडं धरून. अकराव्या अंड्यापर्यंत आम्ही श्वास रोखून कुजबुजत होतो. त्यातलं एक लाल जाळं पहिल्यांदा हलताना दिसलं, तेव्हा मी "हललं! हललं!" असं थोडं मोठ्यानं ओरडलो असेन. खिडकीपाशी कुणीतरी पळाल्याचा आवाज झाला. अमावस्येच्या जवळचे दिवस, बंद दिवे, हातात अंडं आणि आत काहीतरी हलतंय. दुसऱ्या दिवशी वाण्यानं मला सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. त्या गडबडीत दोन अंडी फुकट निघाली, हे आमच्या ध्यानातच राहिलं नाही.

तेवढ्यात वळीव आला. विजांचा कडकडाट सुरू झाला तशी आक्का भिजत धावत आली. मुठीत एक गंजका खिळा आणि कोळसा. "पाटीत ठेव. गडगडाटानं अंडी नासत्यात."

मी शास्त्र समजावून सांगितलं. आवाजानं अंड्यातल्या जिवाला काही होत नाही, लोखंडाचा त्याच्याशी संबंध नाही, ही सगळी अंधश्रद्धा आहे. आक्का खिळा घेऊन परत गेली. मध्यरात्री एक वीज अगदी जवळ पडली. मी उठलो. खिळा मागायला जायची लाज वाटली, म्हणून खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून पाटीत सरकवला. लोखंड ते लोखंड.

सकाळी स्कूटरची किल्ली पाहिजे होती. कपाटाची, कडीची, लॉकरचीही त्याच जुडग्यात. कवडी त्यांच्यावर बसली होती आणि तिच्या लेखी ते बारावं अंडं होतं. तीन वेळा हात घातला, तीनदा टोचून घेतलं. त्या दिवशी मी गावात चालत गेलो. पंधरा-वीस मिनिटांची ती सुट्टी येईपर्यंत आमचं घर उघडंच होतं. पण ओसरीवर कवडी असताना कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

विसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज आला. टरफलाच्या आतून बारीक चिवचिव आणि वरून कवडीचं घोगरं उत्तर. मी पाटीपाशी कान लावून दोन तास बसलो. एका अंड्याला टिकलीएवढा तडा गेला आणि मग काहीच नाही. तास गेला, दोन गेले. मी चिमटा आणला.

"खबरदार," ही म्हणाली. "तुमच्या जन्माच्या वेळी कुणी चिमटा आणला होता का?"

आणला होता, पण ते मी सांगितलं नाही. पिल्लाच्या चोचीवर एक बारीक कठीण टोक असतं, त्यानं ते टरफल आतून गोल कापत येतं आणि त्याला दिवसभरही लागतो. मधे माणसानं घाई केली तर रक्तवाहिनी तुटते. एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं ओलं, भेसूर, डुलणारं पिल्लू बाहेर आलं आणि दुपारपर्यंत ते कापसाचा गोळा झालं होतं. मी ताबडतोब कणी टाकली. एकानंही खाल्ली नाही. पिवळा बलक पोटात ओढून घेऊन ती जन्मतात. दोन-तीन दिवस त्यांचा डबा त्यांच्याजवळच असतो. म्हणून तर कवडी मागं राहिलेल्यांसाठी थांबू शकत होती. दोन दिवसांनी तिनं ठरवलं, आता येणारे आले, आणि ती उठली.

अकरा अंड्यांत दोन फुकट होती. एक तिच्याच पायाखाली फुटलं. एक शेवटपर्यंत गप्प राहिलं. सात पिल्लं झाली. हिशेब जुळला, सही माझीच होती.

दिवाळी आली तेव्हा त्या सातांपैकी पाच कोंबडे आहेत हे कळलं. पहाटे चारला, पाच वेगवेगळ्या सुरांत.

आज आमच्याकडं सहा कोंबड्या, दोन तलंगा आणि पाच कोंबडे आहेत. नवीन हेल्मेट घेतलंय, ते मी कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि किल्ली गळ्यात घालतो. परवा वाण्याकडून तीस अंड्यांचा ट्रे आणत होतो, तर नाक्यावर तेच हवालदार भेटले.

"काका, घरच्या कोंबड्या आहेत ना? मग ही विकतची?"

"आहेत की," मी म्हटलं. "पण त्या बसल्यात."